टीच ग्रँट: शिक्षक व्हायला निघालेल्यांचे आणि त्यांच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

दर गणेशोत्सवात आरती झाली, प्रसादाची रांग लागली, की मंडळातलं कुणी ना कुणी मला बाजूला घेतं. "अगं, मुलगी म्हणते टीचर व्हायचंय. ती टीच ग्रँट म्हणतात, ती काय भानगड आहे?" मी इथे अमेरिकेत सातवी-आठवीला गणित शिकवते. मास्टर्स करताना ही ग्रँट मी स्वतः घेतली होती आणि चार वर्षांची सेवा करून त्यातून मोकळीही झाले. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून एकदाचे लिहून काढलेत. उत्तरांत मधेमधे माझी मतं घुसली आहेत, ती खपवून घ्या.

टीच ग्रँट म्हणजे नक्की काय?

शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अमेरिकेचं केंद्र सरकार देतं ती मदत. २००७ च्या कायद्याने ती आली आणि २००८-०९ या शैक्षणिक वर्षापासून मिळू लागली. बदल्यात सरकार एक वचन घेतं: शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत, गरीब घरची मुलं जास्त असलेल्या शाळेत, शिक्षकांचा तुटवडा असलेला विषय, पूर्ण वेळ, चार वर्षं शिकवायचा. वचन पाळलं तर एक पैसाही परत द्यायचा नाही. मोडलं तर सगळी रक्कम कर्ज होते आणि व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

आपल्याकडच्या एमबीबीएसच्या बाँडची आठवण येईल, पण फरक आहे. बाँड मोडला तर ठरलेला दंड भरून सुटता येतं. इथे दंड नाही, इथे वाढत जाणारं कर्ज आहे.

किती पैसे मिळतात?

कायद्यात वर्षाला ४,००० डॉलर लिहिलेत. प्रत्यक्षात केंद्राच्या खर्चकपातीमुळे ५.७ टक्के कात्री लागते आणि हातात ३,७७२ येतात. पदवीसाठी एकूण मर्यादा १६,०००, मास्टर्ससाठी ८,०००. अर्धवेळ शिकत असाल तर त्या प्रमाणात कमी.

इथल्या कॉलेजांच्या फिया बघता हा आकडा डोळे दिपवणारा नाही. राज्याच्या विद्यापीठात घरून ये-जा करून शिकणाऱ्याला त्याचा चांगला आधार होतो, महागड्या खासगी कॉलेजात तो समुद्रात थेंब.

आमचं उत्पन्न जास्त आहे. मिळेल का?

मिळू शकते, आणि आपल्या लोकांना या ग्रँटचं आकर्षण वाटतं ते याच कारणाने. केंद्राची दुसरी मदत म्हणजे पेल ग्रँट, ती गरजेनुसार मिळते. आईबाबा दोघंही आयटीत असतील तर तिचं नाव काढायचं नाही. टीच ग्रँटला उत्पन्नाची अट नाही. फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, मात्र भरावाच लागतो, आणि दर वर्षी नव्याने.

आम्ही अजून एच-वनबीवर आहोत. मुलांना चालेल?

मूल इथे जन्मलेलं असेल तर ते अमेरिकी नागरिक. आईबाबांचा व्हिसा कुठला, याचा काही संबंध नाही. मूल भारतात जन्मलेलं आणि एच-फोरवर, म्हणजे एच-वनबीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असेल तर नाही. ग्रीन कार्ड हातात आल्यावर हो. ग्रीन कार्डच्या रांगेत किती वर्षं जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या रांगेत उभं राहून पात्रता येत नाही.

एक बारीक अडचण. फाफ्सात पालकांनाही आपलं खातं उघडून संमती द्यावी लागते. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल (एच-फोरवरच्या बऱ्याच जणींकडे नसतो) तरी तिला खातं उघडता येतं, फक्त ओळख पटवण्यात वेळ जातो. अर्ज भरायला शेवटच्या आठवड्यात बसू नका.

मार्कांची अट काय आहे?

जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, किमान ३.२५. पहिल्या वर्षी हायस्कूलचा बघतात, पुढे कॉलेजचा, आणि दर टर्मला पैसे देण्याआधी पुन्हा बघतात. जीपीए तेवढा नसेल तर दुसरी वाट आहे: एसएटी, एसीटी किंवा जीआरई या प्रवेश परीक्षांच्या निदान एका विभागात ७५ पर्सेंटाइलच्या वर गुण हवेत. मधेच जीपीए घसरला तर पुढचे पैसे थांबतात. आधी घेतलेल्यांचं लगेच कर्ज होत नाही, पण सेवेची अट तशीच राहते.

कुठल्याही कॉलेजात मिळते का?

नाही. कॉलेजने या योजनेत भाग घेतलेला हवा, आणि तुमचा अभ्यासक्रमही त्यांनी योजनेत धरलेला हवा. एकाच विद्यापीठात गणिताच्या शिक्षकांचा अभ्यासक्रम पात्र आणि शेजारचा अपात्र, असं होतं. फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर "आय थिंक सो" ऐकून खूश होऊ नका.

"तुटवड्याचे विषय" कोणते?

काही विषय कायद्यातच आहेत आणि ते देशभर चालतात: गणित, विज्ञान, परकीय भाषा, द्विभाषिक शिक्षण आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवणं, वाचनतज्ज्ञ, आणि विशेष शिक्षण. याशिवाय केंद्राचं शिक्षण खातं दर वर्षी राज्यवार यादी काढतं. त्या यादीतला विषय त्या राज्यातच चालतो. एका राज्यात कमी पडणारे शिक्षक शेजारच्या राज्यात पुरेसे असू शकतात.

आता खरा खड्डा. आपल्या बहुतेक मुलींच्या डोक्यात "टीचर" म्हणजे दुसरी-तिसरीच्या वर्गावरची बाई, जी सगळेच विषय शिकवते. तो कायद्यातला तुटवड्याचा विषय नाही. राज्याच्या यादीत प्राथमिक शिक्षण असेल तरच ती वर्षं मोजली जातात. वर्गात रोज अर्धा तास गणित शिकवलं म्हणून कुणी गणिताची शिक्षिका होत नाही. दिवसातले निम्म्याहून जास्त वर्ग तुटवड्याच्या विषयाचे हवेत. ज्या मुलीला लहान मुलांचा वर्गच हवाय, तिने ही ग्रँट घेण्याआधी तीनदा विचार करावा. किंवा विशेष शिक्षणाची, नाहीतर इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीची जोड पात्रता आधीच घेऊन ठेवावी.

यादी बदलते ही भीती मात्र थोडी कमी करता येईल. ग्रँट घेतली तेव्हा, किंवा तो विषय शिकवायला लागलात तेव्हा, तो यादीत होता एवढं पुरतं. नंतर निघाला तरी तुमची वर्षं फुकट जात नाहीत.

परकीय भाषा चालते म्हणता, मग मराठी शाळेत शिकवलेलं?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी मला हसू येतं, पण प्रश्न प्रामाणिक आहे. नाही चालत. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली रविवारी भरणाऱ्या मराठी शाळा कितीही जीव ओतून चालवल्या, तरी ती नियमित बालवाडी-ते-बारावीची शाळा नव्हे आणि ती पूर्ण वेळची नोकरीही नव्हे. एखाद्या यादीतल्या शाळेने उद्या पूर्ण वेळची मराठी शिक्षिका नेमली तर चालेल. तशी जाहिरात दिसली तर मलाही कळवा.

शाळा पात्र आहे की नाही, कसं कळणार?

सरकारी संकेतस्थळावर कमी उत्पन्न गटातल्या शाळांची एक डिरेक्टरी असते. राज्य आणि वर्ष निवडायचं, शाळेचं नाव टाकायचं. साधारण नियम असा, की शाळेतली ३० टक्क्यांहून जास्त मुलं सरकारी मापाने कमी उत्पन्नाच्या घरांतली असावीत. चार्टर शाळाही (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) यादीत असतात, ना-नफा खासगीही काही असतात. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींच्या, ब्युरो ऑफ इंडियन एज्युकेशनच्या शाळाही चालतात.

मी नोकरी शोधताना एका वहीत तीन रकाने आखले होते: शाळेचं नाव, डिरेक्टरीत आहे का, कुठल्या वर्षाच्या. वर्षाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एका शाळेचं नाव मला मागच्या वर्षाच्या यादीत सापडलं आणि चालू वर्षात गायब. मी अर्जच केला नाही. उलट, तुम्ही शिकवत असताना एखाद्या वर्षी शाळा यादीत असेल आणि पुढे निघाली, तर तिथली तुमची पुढची वर्षं धरली जातात. म्हणून पहिल्या वर्षी यादीत नाव बघायचं आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायचा.

आणि "गरीब शाळा" म्हटल्यावर काही आयांचा चेहरा पडतो, म्हणून सांगते. माझ्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं फुकट जेवणावर आहेत. त्याच शाळेत गेल्या वर्षी एका मुलाने मला अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक का उलटा करायचा, हे कागदाची पट्टी घड्या घालून समजावून दिलं. मी तेव्हापासून तसाच शिकवते.

चार वर्षं सलग हवीत का? एकाच शाळेत?

सलग नको, एकाच शाळेतही नको. राज्यही बदललं तरी चालतं. दोन शाळांत मिळून पूर्ण वेळ भरत असेल तरीही चालतं. बदली शिक्षक म्हणून येऊन-जाऊन केलेलं काम मात्र धरत नाहीत. पदवी आणि मास्टर्स दोन्हीला ग्रँट घेतली असेल तर दोन वेगळ्या अटी लागतात, पण एकच शिकवणं दोन्हीकडे मोजता येतं.

आठ वर्षं आहेत म्हणजे भरपूर वेळ आहे ना?

इथेच लोक फसतात. अट चार वर्षांची आणि मुदत आठची, म्हणजे मोकळी सवड चारच वर्षांची. उरलेल्या वेळात चार वर्षं पूर्ण होणं अशक्य झालं की ग्रँटचं कर्ज होतं, त्यासाठी आठवं वर्ष संपायची वाट बघत नाहीत. पदवीनंतर दोन वर्षं दुसरी नोकरी, मग लग्न, मग गाव बदललं, नव्या राज्याचं लायसन्स काढायला वर्ष गेलं... सवड अशी संपते.

काही कारणांसाठी घड्याळ थांबवता येतं: पुन्हा शिकायला गेलात, राज्याला लागणारी पात्रता घेत असाल, बाळंतपण किंवा घरातलं गंभीर आजारपण, लष्करी सेवा. एका वेळी एक वर्ष, आणि बहुतेक कारणांना मिळून कमाल तीन वर्षं. अर्ज मात्र तुम्हीच करायचा. बाळ झालं हे सरकारला आपोआप कळत नाही.

कर्ज झालं तर नेमकं किती भरावं लागतं?

हिशोबच करू. समजा मुलीने २०२३-२४ मध्ये ३,७७२ डॉलर घेतले. त्या वर्षी पदवीच्या कर्जाचा दर ५.५ टक्के होता. २०२७ मध्ये पदवी झाली, तिने शिकवलंच नाही आणि २०३१ च्या शरद ऋतूत ग्रँटचं कर्ज झालं. आठ वर्षांचं साधं व्याज दर वर्षी सुमारे २०७ डॉलर, म्हणजे १,६६०. एका वर्षाच्या ग्रँटचे झाले ५,४३२. ही फक्त पहिल्या वर्षाची गोष्ट. पुढच्या वर्षांचे दर आणखी चढे होते: २०२४-२५ ला ६.५३, २०२५-२६ ला ६.३९ टक्के. मास्टर्सच्या कर्जाचे दर तर त्याहून वर, २०२४-२५ मध्ये ८.०८.

कर्जाचा प्रकार अनसब्सिडाइज्ड, म्हणजे व्याज सरकार भरत नाही. फेड सुरू व्हायला सहा महिन्यांची सवलत मिळते, व्याजाला मिळत नाही.

मी ऐकलंय की शिकवूनसुद्धा लोकांची कर्जं झाली. खरं आहे?

खरं आहे, आणि या योजनेचं नाव त्यामुळेच खराब झालं. पूर्वी दर वर्षी ठरावीक तारखेच्या आत, शिकवत असल्याचं प्रमाणपत्र पाठवावं लागे. फॉर्म उशिरा पोचला, एखादी सही राहिली, की ग्रँटचं कर्ज, आणि ते उलटत नसे. शिक्षण खात्यासाठी केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये बाहेर आला. ज्यांचा सेवेचा काळ जुलै २०१४ च्या आधी सुरू झाला होता, त्यांतल्या ६३ टक्के लोकांच्या ग्रँटचं कर्ज झालेलं होतं. सगळेच कागदांमुळे नव्हे, पुष्कळांनी खरोखरच अट पुरी केली नव्हती. पण कागदांमुळे बुडालेले शिक्षकही पुष्कळ होते. एनपीआर रेडिओने त्याच वर्षी हे प्रकरण लावून धरलं आणि वर्ष संपता संपता खात्याने दुरुस्तीची वाट काढली.

माझाही फॉर्म एकदा परत आला होता. कारण? मुख्याध्यापिकेच्या सहीखाली तारीख नव्हती. मुदतीला सहा दिवस उरलेले. बाई बस ड्युटीवर, पाऊस, एका हातात वॉकी-टॉकी. मी क्लिपबोर्ड त्यांच्या छत्रीखाली धरला आणि त्यांनी पिवळ्या बसच्या दारात उभं राहून तारीख घातली. कागदावर पावसाचे दोन थेंब होते. तोच कागद स्कॅन करून पाठवला, मान्य झाला.

आता नियम बदललेत का?

हो, १ जुलै २०२१ पासून. आता नुसतं वार्षिक प्रमाणपत्र राहिलं म्हणून कर्ज होत नाही. तुम्ही स्वतः मागितलं तर होतं, किंवा अट पुरी करायला वेळच उरला नाही तर. चुकून झालं असेल तर फेरविचार मागता येतो. मान्य झालं तर कर्जाची पुन्हा ग्रँट होते आणि लागलेलं व्याज पुसलं जातं.

तरी मी सगळ्यांना सांगते, प्रमाणपत्र दर वर्षी जूनमध्ये, शाळा सुटायच्या आधी भरून घ्या. चार वर्षांनी एकदम भरायला जाल तेव्हा मुख्याध्यापक बदललेले असतील, ऑफिसातली जुनी सेक्रेटरी निवृत्त झालेली असेल, आणि शाळाच दुसऱ्या शाळेत विलीन झालेली असेल. कर्मचाऱ्यांच्या नोंदी शोधून देणारं माणूस सापडणं हे फॉर्म भरण्यापेक्षा अवघड आहे.

सही कशावर करावी लागते?

दर वर्षी ग्रँट घेताना ऑनलाइन समुपदेशन आणि त्यानंतर करारपत्र. त्याचं नावच "सेवा करा किंवा परत फेडा" अशा अर्थाचं आहे, त्यामुळे सरकारने लपवलं असं म्हणता येणार नाही. अडचण अशी, की अठरा वर्षांचं पोर रात्री साडेअकराला मोबाइलवर "नेक्स्ट, नेक्स्ट" करत ते संपवतं. पहिल्या वर्षी तरी शेजारी बसा. चहा करा, एकेक पान वाचा.

घेतली, पण मन बदललं. परत देता येते?

टर्मच्या पहिल्या दिवसापर्यंत किंवा कॉलेजची सूचना आल्यापासून १४ दिवसांत, जे नंतर येईल तोवर, रद्द करायला सांगता येतं. त्यानंतर कॉलेजवर बंधन नाही. शिकवायचं नाही हे पक्कं ठरलं असेल तर स्वतःहून कर्जात रूपांतर करून फेडायला सुरुवात केलेली बरी. व्याज तसंही चालूच असतं. पण तशी विनंती करण्याआधी एकदा झोप काढा.

मग घ्यावी की नाही?

मी पालकांना एकच विचारते. ग्रँट नसती, तरी तुमच्या मुलाने हाच विषय, अशाच शाळेत शिकवला असता का? उत्तर "हो" असेल तर घ्या, हे पैसे सोडायचे नाहीत. "बघू, आवडलं तर" असेल तर ती ग्रँट नव्हे, ते कर्जच आहे. फक्त त्याच्यावर ग्रँट असं नाव छापलंय. आणि "पैसे मिळतायत म्हणून टीचर होऊ दे" असं असेल, तर सातवीतली मुलं ते पहिल्याच आठवड्यात ओळखतात.

दुसरे काही पर्याय?

विज्ञान-गणितवाल्यांनी नॉयस शिष्यवृत्ती जरूर बघावी. इंटेलच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉयस, त्यांच्या नावाची. ती नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून कॉलेजांमार्फत मिळते, आणि एका वर्षाच्या मदतीमागे गरजू जिल्ह्यात दोन वर्षं शिकवावं लागतं. काही राज्यांच्या स्वतःच्या योजना आहेत, नॉर्थ कॅरोलायनाची टीचिंग फेलोज त्यांतली नावाजलेली. ज्यांनी साधं केंद्रीय कर्ज घेतलंय त्यांच्यासाठी टीचर लोन फर्गिव्हनेस आहे: कमी उत्पन्नाच्या शाळेत सलग पाच वर्षं, माध्यमिकच्या गणित-विज्ञानाला आणि विशेष शिक्षणाला १७,५०० डॉलरपर्यंत माफी, बाकीच्यांना ५,०००. तिथे आधी वचन द्यावं लागत नाही. शिकवलं तर माफी, नाही शिकवलं तर जे कर्ज होतं तेच. द्विधा मनाच्या मुलांना मी हाच रस्ता सुचवते.

सेवा पूर्ण व्हायच्या आत भारतात परत यायचं ठरलं तर?

पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या शाळेत शिकवलेली वर्षं धरली जात नाहीत, शाळा कितीही गरजू असली तरी. घड्याळ चालू राहतं आणि सवड संपली की कर्ज होतं. ते डॉलरमध्येच फेडायचं असतं. माझ्या एका मैत्रिणीने तीन वर्षं पूर्ण केली होती आणि आईच्या गंभीर आजारपणामुळे परतायची वेळ आली. तिने घरातल्या आजारपणाच्या कारणाखाली एक वर्ष घड्याळ थांबवून घेतलं, दीड वर्षाने परत आली आणि चौथं वर्ष एका नव्याच जिल्ह्यात केलं. जाण्याआधी तिने एक गोष्ट केली होती: तिन्ही वर्षांची प्रमाणपत्रं सहीशिक्क्यानिशी घेऊन ती मान्य झाल्याचं पत्र मिळेपर्यंत विमानाचं तिकीट काढलं नव्हतं.